फोनच्या रकान्यातला सुकलू

एक जुलैला मत्स्यबीजाची नोंदणी सुरू व्हायची होती, आणि नाहीदने त्या नोंदणीचं संकेतस्थळ ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधलं होतं त्याची जुनी आवृत्ती सर्व्हरवाले तीस जूनला काढून टाकणार होते. बासष्ट मच्छीमार सोसायट्या माशांची पिल्लं उबवणाऱ्या हॅचरीकडून तलावात सोडायचं बीज त्यावरूनच मागवत. ऐन वेळी ते बंद पडलं, तर तलाव वर्षभर रिकामे.

एकदम उडी मारायची नाही, हे तिनं मार्चमध्येच ठरवलं. जुन्या आवृत्तीवर काम चालू ठेवायचं आणि नवी ज्या ओळीला नाक मुरडेल, ती ओळ आधीच बदलून घ्यायची. एका वेळी एक पान. बल्लारपुरात दुपारी वीज असली आणि तान्ही निशात झोळीत झोपली, की मग. दोरी पायाच्या अंगठ्याला, हात कीबोर्डवर. अशा ओळींबद्दलच्या दोनशे दहा इशाऱ्यांपैकी जूनच्या मध्यावर एकोणीस उरले होते.

कोणत्या रकान्यात काय येणार, हे नवी आवृत्ती आधी सांगायला लावायची. फोनपुढे नाहीदने ‘फक्त आकडे’ लिहिलं आणि गेल्या वर्षीच्या नोंदी त्यातून सोडून पाहिल्या. नऊ अडून परत आल्या, नऊही एकाच सोसायटीच्या. फोनच्या जागी लिहिलेलं: ‘सुकलू, उजाडायच्या आत’.

कचरा समजून ती पुसणारच होती. तेवढ्यात निशात कुरकुरली. तिला मांडीवर घेत नाहीदने मोकळ्या हाताने सोसायटीत फोन लावला. नोंदी भरणाऱ्या प्रेमिलाबाईंनीच उचलला.

“फोनच्या जागी मानसाचं नाव काऊन लिहिलं, बाई?”

“तं कुठी लिहू? तुमच्या पानावर जागा हाय का? गाडी सुकलू आनते. त्याच्यापाशी फोन नाई.”

“आन ‘उजाडायच्या आत’?”

“पिशवीत बीज रायते, माय. ऊन चढलं का उतानं होते. हॅचरीवाला थे वाचूनच आमची गाडी पयले भरते.”

“मले कोनी सांगितलं नाई.”

“तुमी इचारलं का? लेकरू रडून राह्यलं तुमचं. पाजा त्याले आधी.”

नाहीदने निशातला पाजलं. मग दोन नवे रकाने केले, गाडीवाला आणि वेळ. त्यापायी नोंदणीचं पान, यादी आणि हॅचरीचा छापील कागद, तिन्ही पुन्हा उघडावी लागली. दिवस पुरेनात, म्हणून फोटोंचं पान तिनं सरळ काढून टाकलं. अठ्ठावीस जूनला नवी आवृत्ती चढली. काही अडलं नाही.

सहा जुलैला प्रेमिलाबाईंचा फोन आला.

“बीज पोचलं. मूठभर मेलं, तेवढं दरसाल मरते. पन गाडी आमची पंधरावी लागली!”

नाहीदने यादी उघडली. वेळेचा रकाना समोर दिसताच एकोणपन्नास सोसायट्यांनी त्यात ‘उजाडायच्या आत’ भरलं होतं.

“आता सगळ्यायलेच जागा भेटली, बाई.”

“थे ठीक हाय,” पलीकडून प्रेमिलाबाई म्हणाल्या, “पन सगळ्यात दूरचा तलाव कोनाचा हाय, थेही इचारा ना तुमच्या पानाले.”

नाहीदने अंगठ्याने दोरी ओढली आणि बासष्ट गावांची अंतरं कुठून मिळतील याचा विचार करू लागली.