दुपट्ट्यामागची माय

मायला जाऊन येत्या पौषात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमतील तेव्हा मायला घरच्या टीव्हीवर दाखवायचं, असं दिव्यानीने फोनवर ठरवूनच टाकलं. दिव्यानी माझी धाकटी बहीण, गडचिरोलीला नर्स आहे.

"फोटू नको भाऊ, फोटू त हायेत. बोलून राह्यली अशी पाह्यजे. साऱ्या दुनियेच्या बाया दाखवल्या तू, आता आपली माय दाखव ना."

"दाखवतो," म्हणालो मी. त्यात काय एवढं, असंच वाटलं होतं.

मी डॉक्युमेंटरी बनवतो. चौदा वर्षांत पाच फिल्मा केल्या, सगळ्या इकडच्याच बायांवर. तलावावर मासोळी धरणाऱ्या, मोहफूल वेचणाऱ्या, गडचांदूरकडे खदानीत चुनखडीचा दगड वाहणाऱ्या. पुण्या-दिल्लीत फिल्म दाखवली की कोणीतरी हमखास विचारतं, या बायका तुमच्याशी इतकं मोकळं कशा बोलतात? मी विश्वासाबद्दल काहीतरी जडसं बोलतो आणि टाळ्या घेतो. खरं उत्तर तेव्हा पोंभुर्ण्याच्या घरी अंगणात लसूण सोलत बसलेलं असायचं. त्या बाया माझ्याशी बोलतच नव्हत्या. मायशी बोलत होत्या.

मी दारात उभा राहिलो की बाईच्या तोंडाला कुलूप. माय मात्र सरळ आत जाऊन चुलीपाशी बसायची, आणि तासाभराने दोघी बाहेर यायच्या त्या जन्माच्या ओळखीच्या असल्यासारख्या. तो तासभर मी बाहेर वाळत घातलेली जाळी नाहीतर झाडं टिपत फिरायचो. तेवढा वेळ आत कॅमेरा न्यायचा नाही, बायांच्या गप्पांवर बॅटरी घालवायची नाही, असा माझा नियम. आत काय बोलणं होतं ते मी कधी विचारलं नाही.

मग दुपट्टा. पांढरं म्हणजे काय हे कॅमेऱ्याला आधी दाखवावं लागतं, नाहीतर माणसं निळी-पिवळी येतात. त्यासाठी माय त्या बाईच्या जागी बसायची आणि बाबांचा खांद्यावरचा जुना पांढरा दुपट्टा दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायची. चार सेकंद. "झालं, ऊठ माय," मी म्हणायचो. ती उठायची, कॅमेऱ्याच्या डावीकडे जाऊन बसायची आणि मी पढवलेले प्रश्न विचारायची.

एकदा दुपट्ट्यामागूनच म्हणाली, "मले काऊन नाई इचारत रे कधी?"

"तुले काय इचारू? तुयं सारं माईत हाये मले. ऊठ, उजेड चालला."

ती हसली आणि उठली.

दिव्यानीचा फोन झाल्यावर मी जुन्या हार्ड डिस्का काढून बसलो. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. मायचे प्रश्न कुठेच नव्हते. डिस्कवर जागा हवी म्हणून मीच पुसले होते. बायांच्या उत्तरात तिचं "हं, हं" यायचं म्हणून मी तिच्यावर खेकसायचो. तेही मी एकेक करून काढलेलं. माझं काम फार स्वच्छ असतं म्हणतात. कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा?

राहिले होते ते दुपट्ट्याचे तुकडे. प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला एक, असे एक्केचाळीस. पांढरं कापड, कडेला तिची बोटं, मनगटावरचं गोंदण. मग माझा आवाज, "झालं, ऊठ माय." आणि नंतर येणाऱ्या सगळ्या बाया कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघून बोलतात. तिथे माय बसलेली आहे. त्या सगळ्यांना ती दिसते आहे, मला नाही. तिला जाळून आलो त्या दिवशीसुद्धा मला तिची इतकी आठवण आली नव्हती.

शेवटची मुलाखत कलाबाईंची होती. पोंभुर्ण्याहून अर्ध्या तासावर, तलावाच्या पाळीलगत त्यांचं घर. कोणी मोबाईलवर का होईना मायला बोलताना टिपलं असेल या आशेवर मी कॅमेरा घेऊन तिकडे गेलो. कलाबाई अंगणात बसून जाळ्याची भोकं विणून बुजवत होत्या.

"नाई बाबू, मोबाईलवर कोनं काढलं नाई," त्या म्हणाल्या. "पन तुयी माय, सुगंधाबाई, काय बोलली ते मले सारं याद हाये. खदानीतलं त आज बी डोळ्यापुढं येते."

"कोनत्या खदानीतलं?"

त्यांचे हात थांबले. "गडचांदूरकडच्या. लग्नाच्या आधी दोन वर्सं दगड वाह्यला तिनं. तुले माईत नाई?"

मी खदानीवर अख्खी फिल्म केली आहे. बक्षीस मिळालंय तिला. त्या शूटिंगला एका पोरीच्या डोक्यावरची चुंबळ काढून मायने पुन्हा नीट वळून दिली होती, म्हणाली होती, "अशी ठेवली त मान धरते." आणि मी ओरडलो होतो की कॅमेऱ्यासमोरून बाजूला हो. तिला हे कसं ठाऊक, एवढाही प्रश्न मला पडला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

"तिनं कवा सांगतलं तुमाले?"

"इथीच, चुलीपाशी. ती आधी आपलं सांगे. मंग म्हने, आता तू सांग बाई. नाई त आमी काऊन बोलू कोनापाशी?"

म्हणजे एक्केचाळीस घरांत माय आपलं सांगून आली होती, आणि मी बाहेर झाडं टिपत होतो.

मी कॅमेरा उभा केला. "मावशी, तुमी सांगा. माय काय काय बोलली ते सारं सांगा. मी टिपून घेतो."

कलाबाईंनी जाळं बाजूला ठेवलं. "सांगीन ना. पन आधी तू सांग."

"मी काय सांगू?"

"तुया मायचं. ती गेली तवा तू कुठी होता, घर कसं लागते आता. जे हाये ते. बस तिथी."

चौदा वर्षं मी कधी कॅमेऱ्यासमोर बसलो नव्हतो. जिवावर आलं होतं, पण बसलो. पिशवीतून बाबांचा दुपट्टा काढला आणि मायसारखा दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. चार सेकंद झाले. दहा झाले. "झालं, ऊठ," असं कोणीतरी म्हणावं म्हणून मी थांबून राहिलो.

कलाबाई उठून कॅमेऱ्याच्या डावीकडे जाऊन बसल्या.

"आता दुपट्टा खाली कर बाबू," त्या म्हणाल्या. "आन् बोल."