श्रीखंडात भिजलेल्या चिठ्ठ्या

मी एक जुना बाऊल आहे, चिनी मातीचा, कडेला निळी फुलं. मराठी कुठे शिकलो? सांगतो, पण मित्रांनो, आधी माझी धडधड ऐका.

इंग्लंडच्या भट्टीत मला भाजलं ते सूप वाढायला. बोटीने गेलो बार्बाडोसला, उसाच्या मळ्यावर. मळेवाला गोरा, राबणारे काळे गुलाम. मळेवाला मेला आणि त्याच्या दोन मुलांनी वाटणी केली. घोडे, बैल, उसाचा रस उकळायच्या काहिली आणि माणसं! सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात. बेथ नावाची गुलाम बाई एका भावाला निघाली, तिची सहा वर्षांची पोर दुसऱ्याला. तेव्हापासून कागदाची घडी दिसली तरी मला धास्ती वाटते.

पुढे ते घराणं इंग्लंडला परतलं. मी काचेच्या कपाटात. पाहुणे म्हणायचे, "लव्हली!" पिढ्यान्‌पिढ्या लव्हली, पण सूप एक चमचा नाही!

१९८९ साली तिथल्या म्हाताऱ्या मॅडमनी मला सफरचंदं भरून शेजारच्या मराठी सुप्रभाताईंकडे धाडलं आणि थोड्याच दिवसांत मॅडम वारल्या. त्यांची मुलं, जेरेमी आणि अ‍ॅलिसन, वाटणीला आली. जेरेमीचा फोन आला: बाऊल परत द्या, घराण्याच्या पद्धतीप्रमाणे चिठ्ठ्या काढायच्यात. एका चिठ्ठीत मोठं घर, दुसरीत मागचं कॉटेज. त्या कॉटेजमध्ये राहायची विनी, सत्तरीची स्वयंपाकीण. मॅडमनीच तिला त्या जुन्या मळ्यावरून आणलेली. कॉटेजला गिऱ्हाईक तयार होतं. विनीला कोणी विचारलंच नव्हतं.

मी गारठलो. पुन्हा तेच?

"अहो, भांडं रिकामं कसं परत करू?" सुप्रभाताई म्हणाल्या.

"अगं, तिकडे वाटणी चाललीय, हळदीकुंकू नाही!" त्यांचे यजमान शशिधरराव ब्रॅकनेलच्या ऑफिसला निघाले होते.

"असू दे. पद्धत म्हणजे पद्धत."

आणि ताईंनी मला गळ्यापर्यंत श्रीखंडाने भरलं. काय गुदगुल्या झाल्या!

जेरेमीचं तोंड बघायला हवं होतं. पण इंग्रज माणूस, शेजारीण समोर उभी, नको कसं म्हणणार? सगळ्यांनी खाल्लं, विनीने दोनदा. जेरेमीला भलती घाई. मला पुसलंही नाही, चिठ्ठ्या टाकल्या. तळाशी मी थोडं राखून ठेवलेलं! शाई विरघळली, दोन्ही चिठ्ठ्यांचा निळा लगदा. मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

पण त्याने पुन्हा पेन काढलं. माझा जीव टांगणीला.

विनीने पेनावर हात ठेवला. "जेरेमी, तुझा शेंबूड मी पुसलाय. माझी पणजी याच भांड्यातून निघाली होती, सहा वर्षांची. तिची आई तिला पुन्हा दिसली नाही. माझं घर यात टाकण्याआधी मला विचार."

अ‍ॅलिसनने बशी खाली ठेवली. "विनी, तुला काय हवंय?"

"मरेपर्यंत माझं दार माझं. वकिलासमोर."

"गिऱ्हाईक थांबलंय," जेरेमी पुटपुटला.

"थांबू दे," अ‍ॅलिसन म्हणाली, आणि तिने वकिलाला फोन लावला.

मग अ‍ॅलिसन मला विनीच्या हातात द्यायला गेली. विनी मागे सरली. "हा माझ्या घरात नको."

मला लागलं. पण तिचं चुकलं कुठे? अ‍ॅलिसनने मला सुप्रभाताईंना देऊन टाकलं, आणि मी इथलाच झालो. मराठीही इथेच शिकलो.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, वापरा. त्यांनी काय काय पाहिलंय तेही विचारा. आणि कधी वाटणीला बसलात, तर ज्याचं घर वाटताय, त्याला आधी बसायला खुर्ची द्या.