जुळ्यांची एक नोंद

तीन दवाखान्यांचं मिळून एक मोठं इस्पितळ झालं, तेव्हा तिन्हीकडच्या पेशंटांच्या नोंदी जुळवायचं काम नोंदणी विभागातल्या मावशींकडे आलं. कॉम्प्युटर एकसारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी शेजारी शेजारी दाखवायचा. माणूस एकच असेल तर एक बटण, वेगळा असेल तर दुसरं. "मावशी सोयरिकी जमवतात," अशी ऑफिसात थट्टा चालायची. मावशीही हसायच्या आणि दिवसाला चारशे जोड्या हातावेगळ्या करायच्या.

एका जोडीत आडनाव, जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, सगळं सारखं होतं. पहिल्या नावात तेवढा एका मात्रेचा फरक. टायपिंगची चूक समजून मावशींनी 'एकच' दाबलं.

त्या जुळ्या बहिणी होत्या. थोरलीला एका इंजेक्शनाची ॲलर्जी होती, धाकटीला नव्हती. ॲलर्जीच्या रकान्यात धाकटीची माहिती ताजी, म्हणून एकत्र नोंदीत तीच राहिली. सहा महिन्यांनी शेजाऱ्यांनी थोरलीला तापाने बेशुद्ध अवस्थेत आणलं. धाकटी परगावी होती. डॉक्टरांनी नोंद बघून तेच इंजेक्शन दिलं. तासाभरात ती गेली.

चौकशीच्या अहवालात 'यंत्रणेतील त्रुटी' असं आलं. मावशींना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

मग नोंदी पुन्हा वेगळ्या करायच्या ठरल्या. मूळ नोंदी पुसल्या गेल्या होत्या, म्हणून कुठला आजार कोणाचा, ते सांगायला धाकटीला बोलावलं. ती मावशींच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"गोवर?"

"दोघींना. आधी मला."

"डाव्या हाताला प्लॅस्टर?"

"ताईच्या. मीच ढकललं होतं तिला."

मावशींना पुढे वाचवेना. "ते बटण मी दाबलं होतं," त्या म्हणाल्या.

धाकटीने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाव वाचलं होतंत?"

"वाचलं होतं. चूक वाटली."

"शाळेतही सगळ्यांना तसंच वाटायचं." तिचा आवाज चढला नाही. हिने एक थोबाडीत तरी मारावी, असं मावशींना झालं. "पुढचं वाचा," ती म्हणाली.

शेवटी एकच नोंद उरली. चौथ्या वर्षी तापात आकडी.

"ही कोणाची?"

"आठवत नाही. ताईला माहीत असणार..." ती बोलून गेली आणि दोन्ही हातांत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. मावशींचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी काम बदलून मागितलं. साहेब म्हणाले, "तुमच्याइतका हात कोणाचा बसलाय? अजून अकरा हजार जोड्या आहेत."

त्या जागेवर येऊन बसल्या. पडद्यावर दोन नोंदी आल्या. नाव, तारीख, पत्ता, फोन, अक्षर न् अक्षर सारखं. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी मावशी त्याच जोडीकडे बघत होत्या. कुठल्याच बटणावर बोट टेकेना.