दारापुढचा उतार

झटका आला तेव्हा बाबांची उजवी बाजू गेली आणि सगळे शब्द गेले. एकच मागे राहिला, "नको."

चहा विचारला तरी नको, पोटात कावळे ओरडत असले तरी नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो, त्याचा अर्थ दर वेळी तोच असेल असं नाही. आई हे लवकर शिकली. नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, हा नको म्हणजे पाणी द्या, हा नको म्हणजे खिडकी लावा, ऊन डोळ्यावर येतंय. मुलाला मात्र ते कधी जमलं नाही. तो दिवसभर दुकानात असायचा, संध्याकाळी येऊन दोन प्रश्न विचारायचा, दोन्हींना नको ऐकायचा आणि बाहेर जाऊन बसायचा.

मुलगा शिंपी होता. बाबांचा जन्म लाकडाच्या वखारीत गेला, मोठ्या करवतीवर. शाळा संपल्यावर मुलगाही मोठ्या हौसेनं वखारीत गेला होता. बाबांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "हे तुझ्या हातांचं काम नाही," एवढंच बोलले आणि ओळखीच्या एका शिंप्याकडे नेऊन बसवलं. शिवणकामात त्याचं पुढे नाव झालं, लांबून लांबून लोक कोट शिवायला येत. पण ते फाटकातलं वाक्य त्याला सलत राहिलं. बापाला आपला हात कच्चा वाटला, असं त्यानं मनाशी धरलं होतं. कधी विचारलं नाही, आणि आता विचारून काही उपयोग नव्हता.

घराचं दार रस्त्यापासून बरंच उंच, पायऱ्या अरुंद. व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं तर शेजारच्यांना हाक मारून बाबांना चाकाच्या खुर्चीसकट उचलावं लागे. उचलताना बाबा डोळे मिटून घेत आणि चाकं रस्त्याला टेकेपर्यंत उघडत नसत. ज्या माणसानं आयुष्यभर ओंडके उचलले, त्याला आता लोक ओंडक्यासारखा उचलत होते. पुढे पुढे व्यायामाचा दिवस आला की ते सकाळपासूनच भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

"दारापुढे लाकडी उतार करतो," मुलगा एक दिवस म्हणाला. "खुर्ची सरळ खाली जाईल. कुणाला बोलवायला नको."

"सुतार बघ ना एखादा," आई म्हणाली.

"सुतार उद्या येतो म्हणतो आणि तोंड लपवून बसतो. मापं मी घेतलीत. नुसत्या फळ्या तर कापायच्यात. रोज कापतोच की मी."

"कापड कापतोस."

"कापणं ते कापणं, आई."

बाजारामागच्या गल्लीत अवजारं भाड्यानं देणारं एक दुकान होतं. दुकान चालवणाऱ्या बाईंचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. विजेची गोल करवत मागितल्यावर त्यांनी आधी त्याचे हात पाहिले.

"कधी चालवलीय?"

"नाही. पण शिवणाचं मशीन..."

"त्यानं सुई बोटात जाते. हिनं बोट जातं." त्यांनी करवत उचलून पात्यावरचं झाकण मागे ओढलं आणि सोडलं. ते खाडकन मिटलं. "हे असं आपोआप मिटलं पाहिजे. आड येतंय म्हणून खिळा लावून अडकवायचं नाही. डोळ्याला चष्मा. हातमोजे नकोत, पात्यानं धरले तर हात आत ओढला जाईल. बाह्या लोंबत्या नकोत. आणि पात्याच्या सरळ रेषेत कधी उभं राहायचं नाही, एका अंगाला राहायचं. कळलं?"

"कळलं."

"बोटं मोजून नेताय, मोजून परत आणा."

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं दारापुढच्या ऐसपैस ओट्यावर सामान मांडलं. घरातले दोन स्टूल आणले, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि वर लांब जाड फळी टाकली. मधोमध पेन्सिलीची रेघ मारली. ती रेघ पाहून कुठल्याही सुतारानं मान डोलावली असती. बाबांची खुर्ची आईनं दारात आणून ठेवली होती, तेवढीच हवा लागेल म्हणून.

बाबांनी आधी फळीकडे पाहिलं, मग स्टुलांकडे.

"नको," ते म्हणाले.

"बाबा, तुमच्यासाठीच चाललंय."

"नको. नको!"

त्यानं चष्मा लावला, खटका दाबला. करवतीचा आवाज भिंतीवर आदळला, भुसा उडाला. त्या आवाजातही बाबांचं ओरडणं त्याला ऐकू येत होतं. डाव्या हातानं ते खुर्चीचा दांडा बडवत होते. त्यानं करवत थांबवली, पातं थांबेपर्यंत थांबला आणि वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काय नको? उतार नको? मग काय जन्मभर लोकांनी उचलायचं तुम्हाला? मी कपडे शिवले तेही कधी अंगाला लावले नाहीत. माझ्या हातचं काहीच चालत नाही का तुम्हाला?"

आई दारात येऊन उभी राहिली. "अरे, ते काहीतरी सांगताहेत."

"मला माहीत आहे काय सांगताहेत."

तो पुन्हा फळीवर वाकला. काप अर्ध्याच्या पुढे गेला तशी फळी मधे वाकू लागली. दोन्ही अर्धे आतल्या बाजूला कलले, कापाची फट मिटली आणि पात्याला चिमट्यात धरावं तसं धरलं. करवत एकदम मागे उसळली. हातातून सुटली, त्याच्या मांडीला चाटून गेली आणि मागे जाऊन दगडावर आपटली. झाकण खाडकन मिटलं. पातं त्याच्या आत क्षणभर घरघरत राहिलं, मग थांबलं.

विजार मांडीवर हातभर फाटली होती आणि फाटीच्या आत लाल रेघ उमटत होती. खोल नव्हती. तो एका अंगाला उभा होता म्हणून. समोर उभा असता तर करवत पोटात आली असती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तिथंच भुशात बसला.

डावा हात पुढे करून बाबा खुर्चीतून उठू पाहत होते, जणू उठता येईल. आईनं त्यांना खांद्यांना धरून बसवलं आणि मग मुलाकडे धावली. जखम धुतली, पट्टी बांधली. बांधता बांधता खालच्या आवाजात म्हणाली, "वखारीत एकाचा हात गेला होता. तू लहान होतास. ह्यांनी तो हात टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेला. जोडता नाही आला. घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, आपल्या पोराला मी या करवतीच्या जवळ फिरकू देणार नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"ते कुठं काय सांगायचे? बोलता येत होतं तेव्हाही."

तो उठला, लंगडत बाबांजवळ गेला आणि खुर्चीपाशी बसला. "मला वाटलं तुम्हाला उतारच नको."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, केसांतला भुसा झटकला. मग त्याच हातानं स्टुलांकडे बोट केलं आणि तळहात जमिनीच्या दिशेनं सपाट धरून फिरवला. पुन्हा तसंच.

"खाली? फळी खाली ठेवू?"

बाबांनी डोळे मिटून होकार दिला.

त्या दिवशी त्यानं करवतीला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या सुट्टीला ती घेऊन तो आधी दुकानात गेला. बाईंनी पातं वाकलंय का पाहिलं, झाकण चार वेळा ओढून सोडून पाहिलं, नवं पातं बसवलं आणि त्याच्या लंगड्या चालीकडे बघून त्याची बोटं मोजली.

या वेळी बाबांची खुर्ची दाराबाहेर, पण बाजूला, लांब होती. आईनं त्यांनाही चष्मा लावला. "अगदी साहेब दिसता," ती म्हणाली, आणि बाबांचा अर्धा चेहरा हसला. काम त्यांच्या डाव्या हाताच्या खुणांवर चाललं. जमिनीवर जाड पट्ट्या आडव्या टाकून फळी त्यांच्यावर, कापाच्या दोन्ही बाजूंना आधार. पातं किती खाली सोडायचं ते त्यांनी नखानं दाखवलं, फळीच्या तळाखाली जेमतेम डोकावेल इतकंच. पातं खालीवर करताना विजेची पिन भिंतीतून काढली आहे का, हे वळून वळून पाहायला लावलं. वायर पायाशी आली की दांडा वाजे. मुलाचा शर्ट विजारीबाहेर आला की दांडा वाजे.

"हो, हो, खोचतो," मुलगा म्हणायचा.

पहिला तुकडा सुटला तो अलगद, जागच्या जागी. मुलानं वर पाहिलं. बाबा कापाची कड बघायला मागत होते. त्यानं तुकडा नेऊन दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, सावकाश, आणि तुकडा मांडीवर ठेवून घेतला. परत दिला नाही.

उतार पुरा व्हायला बऱ्याच सुट्ट्या गेल्या. ज्या दिवशी झाला, त्या दिवशी कुणाला हाक मारली नाही. मुलगा मागून खुर्ची धरून उलट्या पावलांनी उतरला, आई पुढून. बाबांचे डोळे उघडे होते. खाली, फळी जिथं रस्त्याला टेकते तिथं, चाकाला जरासा धक्का बसला. बाबांनी हात वर करून थांबवलं, वाकून ती कड पाहिली आणि मुलाकडे पाहिलं.

"उंच राहिलीय," मुलगा म्हणाला. "उद्या तासतो."

मग ते तिघं रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत गेले.