यादीतलं नाव

मतदारयादीच्या बाबतीत निजामाच्या जुन्या राजधानीतल्या, गौलीगुड्यातल्या एकनाथरावांच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. मुलगी निशिगंधा डॉक्टरकी शिकायला बल्गेरियात गेली आणि तिथंच नोकरीला लागली, त्याला चौदा वर्षं झाली. तरी यादी तपासायला सत्यवती आली की हे दारातूनच ठणकावत, "बेटी वापस आती! नाम नक्को काटो!" सत्यवती अंगणवाडीची बाई, हे काम तिच्या माथी मारलेलं. ती बिचारी मान डोलवून पुढच्या घरी जाई.

यंदा निशिगंधा पंधरा दिवसांसाठी आली आणि चहाच्या वेळी तिनं सांगून टाकलं, "बाबा, मी तिथलं नागरिकत्व घेतेय. इथला पासपोर्ट परत द्यावा लागेल."

एकनाथरावांची बशी हातातच राहिली. "चार वर्षांत सात निवडणुका झालेला देश तो! तुझ्याबरोबरचे डॉक्टर जर्मनीला पळाले, आणि तू मुळं रोवतेस?"

"म्हणूनच, बाबा. लोक कंटाळलेत, मतदानालाच जात नाहीत."

मग तिनं तिथल्या घरचं सांगितलं. जुन्या साम्यवादी राजवटीत बांधलेली आठ मजली सिमेंटची इमारत. जिना कुणाचाच नाही, म्हणून गेलेला दिवासुद्धा कुणी बदलत नसे. निशिगंधानं दारोदार फिरून तो जिना रंगवून घेतला. खालच्या मजल्यावरची राडकाआजी एक्क्याऐंशीची. तिच्या तरुणपणी मताच्या चिठ्ठीवर एकच नाव असे, आणि तरी मतदानाला जावंच लागे. आता चिठ्ठी हातभर लांब असते, तर आजी ठेवणीतला कोट घालून, लिपस्टिक लावून निघते.

"मी तिला धरून मतदान असतं त्या शाळेपर्यंत नेते आणि फाटकाबाहेर उभी राहते. सातही वेळा बाहेरच उभी राहिले, बाबा."

एकनाथराव उठून आत गेले. पुढचे दोन दिवस, लेक आता कायमची तिकडची होणार हे मनाला लागून राहिलं. पण फाटकाबाहेर उभी असलेली पोर काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. अठरा पूर्ण झाल्यावर तिला पहाटे उठवून रांगेत पहिला नंबर लावणारे तेच तर होते. आणि त्यांचे वडील? निजामी मुलूख मोडून राज्यं वेगळी झाली तेव्हा भाऊबंद म्हणाले, चला महाराष्ट्रात. म्हातारा हलला नाही. जिथं घर मांडलं तिथलंच बरं बघायचं, म्हणाला. पोरगी आजोबांवर गेली होती, आणि एकनाथरावांना तिचा मनापासून अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सत्यवती आली. दारातच हसून म्हणाली, "मालूम है अंकल, बेटी वापस आती."

"ठैरो. नाम काटने का फॉर्म देव."

सत्यवतीनं विचारलं, "बेटी अब नई आती क्या?"

"आती ना. मिलने कू आती." त्यांनी फॉर्मसाठी हात पुढं केला. "पन वोट वहाँ डालती. वहाँ एक कम पड़ रा."

चष्मा पुसून त्यांनी सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला, सही केली. सत्यवती गेल्यावर मागं वळले, तर निशिगंधा डोळे पुसत उभी.

"तुमच्याकडे मतदान किती वाजता सुरू होतं?"

"सातला."

"मग साडेसहालाच जाऊन उभी राहा," एकनाथराव म्हणाले, "आणि राडकाआजींसाठी एक खुर्ची ने."