खांद्यावर घर

राक्षसाच्या खांद्यावरच्या घराला तिनं सकाळीच नवा पडदा लावला होता. आता सगळ्यात बारीक ब्रशनं ती त्याच्यावर निळी फुलं काढत होती. कागदावर अख्खं घर काडेपेटीएवढं, खिडकी नखाएवढी, तिच्यात पडदा आणि पडद्यावर फुलं. हे काम श्वास रोखूनच करावं लागतं. पाचव्या फुलाला दारावरची बेल वाजली आणि पाकळी सुटून भिंतीवर गेली.

संपादक आले होते. दर पुस्तकाला एकदा चार जिने चढून ते येत. तिच्याकडे येणारं माणूस म्हणजे हे एवढंच. दूधवाला रोज येतो, पण तो पिशवी कडीला अडकवून निघून जातो. कपाटातला दुसरा कप तिनं आदल्या दिवशीच धुऊन ठेवला होता.

"बसा, चहा टाकते."

"नको ताई, खाली गाडी आडवी लावलीय." त्यांनी उभ्या उभ्याच पाकीट टेबलावर ठेवलं. "दहाव्या भागाचं शेवटचं प्रकरण. मालिकाही इथंच संपवायची म्हणतायत."

"लेखक म्हणतायत?"

"हो. डोळे गेल्यातच जमा आहेत त्यांचे. तुमची चित्रं आली की मात्र दोन-दोन दिवस भिंग घेऊन बसतात. त्यांची भाची सांगत होती."

"चुका शोधत असतील."

संपादक हसले. पहिल्या भागातल्या चुकीची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती.

एकोणीस वर्षांपूर्वी पहिल्या भागाचं टाइप केलेलं हस्तलिखित तिच्याकडे आलं, तेव्हा राक्षसाचं वर्णन एका ओळीत होतं: डोळे विहिरीएवढे, पायात एकच चप्पल, खांद्यावर घर. तिला ते फार आवडलं. तिनं खांद्यावर कौलारू घर काढलं, त्याला खिडकी काढली, आत दिवा लावला. पुस्तक छापून झाल्यावर लेखकांचा कार्यालयात फोन आला. खांद्यावर घार होती. टायपिस्टनं काना खाल्ला होता. पण तोवर मुलांची पत्रं यायला लागली होती आणि पत्रांत दुसरी चप्पल कुठं गेली हे कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना एकच पडलं होतं, घरात कोण राहतं. मग घर राहिलं. लेखकांनी पुढच्या भागांत ते निमूटपणे लिहूनही टाकलं. मुलाखतीत कुणी विचारलं, हे घर तुम्हाला कसं सुचलं, तर ते म्हणायचे, "आलं आपोआप."

हे आपोआप तिच्या जिव्हारी लागलं होतं. लेखक दुसऱ्या गावी राहत. त्यांनी तिला कधी फोन केला नाही, मग तिनंही केला नाही. बघता बघता नऊ पुस्तकं झाली. कार्यालयात तिला 'घरवाल्या बाई' म्हणत. लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या बाईला हे नाव, म्हणून सुरुवातीला सगळे हसायचे. आता हसणारे निवृत्त झाले होते आणि नाव तेवढं उरलं होतं.

"शेवटच्या चित्रात थोडा बदल आहे," संपादक दाराशी जाऊन म्हणाले. "घर उतरवायचंय."

"म्हणजे?"

"वाचा ना तुम्ही. मग बोलू."

त्यांची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी होईपर्यंत ती दारातच उभी होती. मग तिनं पाकीट फोडलं. आतले कागद टाइप केलेले नव्हते. जाड पेनानं लिहिलेलं मोठं, हललेलं अक्षर, एका पानावर जेमतेम आठ ओळी. पहिलंच वाक्य होतं: राक्षसानं खांद्यावरचं घर उतरवलं आणि मोकळ्या खांद्यावर एक घार येऊन बसली.

घारीचा काना चांगला ठसठशीत, दोनदा गिरवलेला होता.

तिनं कागद पाकिटात घातले आणि पाकीट खणात टाकलं. एकोणीस वर्षं माणूस मनात ठेवतो आणि डोळे जायच्या आधी तेवढं काम उरकून घेतो. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या घरात तिनं काय काय नेऊन ठेवलं होतं. स्वतःची चहाची किटली, खिडकीतली कुंडी, दोरीवरचे टॉवेल. हे दोन खोल्यांचं घर भाड्याचं होतं. खांद्यावरचं ते तेवढं तिचं होतं.

धुतलेला कप तिनं परत कपाटात ठेवला. त्या दिवशी तिनं ब्रश हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन करायचा, असं तिनं ठरवलं. घर उतरवणार नाही, हवं तर दुसरा चित्रकार बघा. वाक्यं मनात दोनदा घोकून झाली. पण भांडायचं तर नीट वाचून भांडावं म्हणून तिनं पाकीट पुन्हा काढलं आणि चष्मा पुसून खिडकीशी बसली.

घर जड झालं म्हणून राक्षसानं उतरवलं नव्हतं, असं पुढं लिहिलं होतं. उलट ते हलकं झालं होतं. पूर्वी खिडकीतून दोन खुर्च्या दिसायच्या, मग एकच दिसायला लागली. दोरीवर दोन टॉवेल असायचे, मग एक. राक्षसाला विचारायचं होतं, काय झालं. पण त्याचा आवाज हा एवढा. विचारलं असतं तर कौलं उडाली असती. म्हणून तो गप्प राहिला आणि चार देश ओलांडून गेला, फक्त पाऊल हळू टाकायला लागला.

तिनं कागद मांडीवर ठेवला. मग उठून फळीवरून सहावा भाग काढला.

बाविसाव्या पानावर ती खिडकी होती. आत एक खुर्ची. आई गेली त्या वर्षीचं पुस्तक. आईची खुर्ची तिनं खालच्या वॉचमनला देऊन टाकली होती आणि त्याच आठवड्यात चित्रातलीही काढली होती. कुणी विचारलंच तर सांगू, असं तेव्हा तिनं मनाशी धरलं होतं. संपादकांनी पानं चाळून "छान" म्हटलं होतं. मुलांच्या पत्रांतही काही आलं नाही. तिनं बरेच महिने वाट पाहिली आणि मग वाट पाहणं सोडून दिलं. तांदळाच्या दाण्याएवढी तर खुर्ची, ती कुणाला दिसणार.

ती शेवटच्या पानाकडे वळली. राक्षसानं घर अलगद जमिनीवर ठेवलं होतं, गुडघे टेकले होते आणि करंगळीच्या नखानं दार वाजवलं होतं. त्याखाली निम्मं पान कोरं होतं. समासात तेच हललेलं अक्षर होतं: *पुढचं चित्रात. दार उघडायचं की नाही, ते घरातलीनं ठरवावं.*

घरात कोण राहतं हे दहा भागांत कुठंच आलं नव्हतं. बाई की बाप्या, तेही नाही. तिनं 'घरातलीनं' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथून उचललं नाही. चष्म्याच्या काचा पुन्हा पुसाव्या लागल्या.

अकरा वाजून गेले. शेवटी संपादकांचाच फोन आला.

"ताई, वाचलंत का? रागावला नाहीत ना? त्यांची भाची सारखी विचारतेय, काय कळवू?"

"भिंगातून कितपत दिसतं त्यांना?"

"मोठं असलं तर दिसतं. बारीकसारीक काही नाही आता."

"मागच्या भागापर्यंत दिसत होतं?"

"तेव्हा दिसत असावं. का हो?"

"काही नाही. चित्राला पूर्ण पान लागेल म्हणून सांगा."

तिनं निळ्या फुलांचा कागद बाजूला सारला आणि नवा, मोठा कागद टेबलाला चिकटवला. बारीक ब्रश डब्यात परत गेले. आधी तिनं राक्षसाचा गुडघा काढला, मग वाकलेली मान, खांद्यावरची घार. घार तिला पहिल्यांदाच काढायची होती, पण ती चांगली जमली. मग घर काढलं, या खेपेला हाताच्या पंजाएवढं. दार उघडं ठेवलं. आत एक खुर्ची, नेहमीच्या जागेवर.

दुसरी खुर्ची तिनं दाराबाहेर काढली, कारण राक्षस आत मावला नसता. जाड पेन्सिलीनं, काळ्या रेघांनी, भिंगाशिवायही दिसेल इतकी मोठी. दाराच्या मानानं ती बेढब वाटत होती, तरी तिनं ती खोडली नाही. राक्षसाला मात्र एवढीही पुरणार नव्हती. ते त्याचं तो बघेल.