चेटकिणीचं हसू माझ्या पोटात

मी एक जुनी हार्डडिस्क आहे, मित्रांनो, पण मला म्हातारी म्हणायची हिंमत करू नका! तरुणपणी मी अशी गरगर फिरायचे, की टेबलावरचा चहा आपोआप ढवळला जायचा. खोटं वाटतं? चहालाच विचारा.

कारखान्यात माझ्या पोटात ढीगभर खण पाडले. खणांना नुसते नंबर. नावंबिवं मला कळत नाहीत. म्हणून माझ्यावर एक कारभारीण बसवली, तिचं नाव फाइलसिस्टीम. कुठली फाइल कुठल्या खणांत, हे तिला पाठ. लोक तिला विचारतात, ती मला सांगते, मी खण उघडते. बाई करडी, पण तिच्यामुळे एकाचं सामान दुसऱ्याच्या खणात जात नाही.

बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या वहिनींकडे मी नांदले. सगळ्या बाहुल्यांचे आवाज माझ्याकडे. त्यातच वहिनींच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, काढलेलं चेटकिणीचं हसू! पुढे आत्याबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. ते हसू उरलं फक्त माझ्या पोटात.

खेळाच्या आदल्या दिवशी वहिनींच्या दिरांना, म्हणजे भावोजींना, पेनड्राइव्हवर काहीतरी भरायचं होतं. "कारभारणीला कशाला विचारायचं? थेट खणांत लिहितो, झटपट!" आणि पेनड्राइव्ह समजून त्यांनी लिहिलं माझ्यावर! पहिल्याच खणांत कारभारणीची सगळी मांडणी होती, ती पुसली गेली. लगेच कॉम्प्युटर विचारतो, "डिस्क फॉरमॅट करू?"

"भावोजी, 'हो' दाबलंत तर उद्या चेटकीण म्हणून तुम्हालाच उभं करीन!" वहिनी कडाडल्या.

"मग मी हसू का, वहिनी? हॅ हॅ हॅ..."

"गधड्या, तुझं हसू ऐकून पोरं झोपतील," आत्याबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

वहिनींनी माझ्यावर एक अक्षरही लिहिलं नाही. कारभारणीला वगळून, खणामागून खण वाचत, माझी जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवली. मग त्या नकलेत आवाज शोधले. आवाजाच्या फाइलीच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते ना, तिच्यावरून. सापडले, पण सगळे बिननावाचे! एकेक लावून बघितला. राजा खोकला. कुत्रं भुंकलं. आणि मग... हीऽऽ ही ही हीऽऽ! खिडकीतली कबुतरं उडाली ती अजून परतली नाहीत.

आत्याबाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "सूनबाई, परत लाव गं."

दुसऱ्या दिवशी खेळात घाबरलेली पोरं भावोजींच्या मांडीवर चढून बसली.

मित्रांनो, थेट माझ्या पोटात शिरायचंच असेल तर बघायला शिरा, लिहायला नको. आणि जे परत मिळणार नाही, त्याची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. पण नक्कल झाली म्हणून मला अडगळीत टाकू नका हं! अस्सल चेटकीण अजून माझ्याच पोटात आहे.